कळ, काटा आणि पट्टा

मोटारीत चालकाच्या पुढ्यात जी पाटी असते, जिच्यावर वेगाचा काटा, पेट्रोलचा काटा आणि अलीकडे तऱ्हेतऱ्हेच्या दिव्यांची आरास असते, तिला सारे जग डॅशबोर्ड म्हणते. हा शब्द मोटारीच्या जन्माआधीचा आहे. घोडागाडीत घोड्याचे मागचे पाय आणि गाडीवानाचे पाय यांच्यामध्ये एक उभी फळी किंवा चामड्याचा पडदा ठोकलेला असे. घोडा दौडू लागला की त्याच्या टापांनी उडणारा चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये, एवढेच तिचे काम. पुढे घोडा गेला, टापा गेल्या, चिखलही पुष्कळसा गेला. फळी मात्र राहिली. आणि रिकामी फळी दिसली की तिच्यावर काही ना काही टांगल्यावाचून माणसाला राहवत नाही.

टांगेवाला पेंगला तरी घोडा घरी येतो, हे आपल्या पणजोबांच्या पिढीला पक्के ठाऊक होते. समोर खड्डा आला तर घोडा आपण होऊन बिचकतो. दमला तर घामाने निथळतो, तोंडाला फेस आणतो. तहान लागली तर हौदापाशी अडून बसतो. यांतले एकही काम गाडीवानाला शिकावे लागत नसे, कारण ते जनावरच करीत असे. मोटार आली आणि ही सारी अक्कल एका दिवसात नाहीशी झाली. लोखंडाला खड्डा दिसत नाही आणि ते दमल्याचे सांगत नाही. एकदम बंद पडते, नाही तर एकदम पेट घेते. पुढची सव्वाशे-दीडशे वर्षे माणसाने केले काय, तर घोड्याबरोबर गेलेली ती अक्कल एकेक कळ, एकेक काटा बसवून मोटारीत परत आणली. मोटारींच्या इतिहासाचे ग्रंथ एंजिनांच्या अश्वशक्तीने भरलेले असतात. मला मात्र त्या चालकासमोरच्या फळीची हकीकत अधिक बोलकी वाटते, कारण तिच्यावरच्या जवळजवळ प्रत्येक वस्तूमागे कोणाची तरी फजिती, कोणाचे तरी मोडलेले हाड, नाही तर कोणाचे तरी मरण आहे.

आरंभ एका माहेरवाशिणीपासून करू. जर्मनीतील कार्ल बेन्झ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटासाठी अर्ज केला. या गाडीला गोल चक्र नव्हते. पुढचे एकुलते चाक वळविण्यासाठी एक लहानशी उभी दांडी होती. एक दांडा पुढे ढकलला की गाडी चाले आणि मागे ओढला की थांबे. काटा म्हणून एकही नव्हता. गाडी तयार होती, पण ती घेऊन लांब जाण्याचे धाडस खुद्द बेन्झसाहेबांना होईना. तेव्हा १८८८ च्या ऑगस्टात त्यांच्या पत्नी बर्थाबाई, पंधरा आणि तेरा वर्षांच्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता ती गाडी काढून माहेरी निघाल्या. मानहाइमहून फोर्ट्सहाइमला, म्हणजे शंभर किलोमीटरांहून थोडे अधिक.

त्या प्रवासात बाईंनी जे केले ते आज आपल्या फळीवरचा एकेक काटा करतो. इंधन संपत आले तेव्हा वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून त्यांनी लिग्रोइन विकत घेतले. त्या काळी ते डाग काढण्यासाठी विकत असत. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या टाचणीने साफ केली. एका तारेचे वेष्टन झिजले तिथे पायमोज्याचा बंद गुंडाळला. वाटेतल्या ओढ्या-विहिरींतून पाणी काढून एंजिनात ओतीत गेल्या. चढणीवर मुलांनी गाडी ढकलली आणि उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजून गेले, तेव्हा एका चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकला अस्तर लावण्याची पहिली कल्पना ती हीच, असे मानतात. घरी परतल्यावर चढणीसाठी आणखी एक गिअर हवा असे बाईंनी नवऱ्याला सांगितले, आणि त्यांनी तो बसविला. मोटारीच्या कळांचा इतिहास असा एका गृहिणीच्या तक्रारींच्या यादीने सुरू होतो, हे मला फार योग्य वाटते. रोज ज्याला वापरावे लागते त्यालाच कळ कुठे हवी हे कळते.

दांडीने गाडी वळविणे हळू चालणाऱ्या गाडीला ठीक होते. वेग वाढला आणि चाकाखाली दगड आला की ती दांडी हातातून निसटून चालकाच्या छातीवर आपटे. १८९४ साली पॅरिस ते रुआं अशी मोटारींची शर्यत झाली. तीत अल्फ्रेड व्हाशेरॉं यांनी आपल्या पानार गाडीला दांडीऐवजी गोल चक्र लावून आणले, आणि पाहता पाहता सगळ्यांनी त्यांचे अनुकरण केले. चक्राचा गुण असा की दोन्ही हातांची ताकद लागते, आणि चाकाला बसलेला धक्का हातापर्यंत येईतो पुष्कळसा विरतो.

गाडी सुरू करणे हा तर स्वतंत्र पराक्रम होता. पुढे उभे राहून लोखंडी हँडल एंजिनात घालायचे आणि जोराने फिरवायचे. आपल्याकडच्या जुन्या लॉरी-ड्रायव्हरांनी शिकाऊ क्लीनरला पहिला धडा दिला असेल तो हाच, की हँडल धरताना अंगठा पलीकडे गुंडाळू नये, बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवावा. कारण ठिणगी वेळेआधी पडली तर एंजिन उलट झटका देते, आणि मग अंगठा तुटतो, मनगट मोडते, कधी जबडाही फुटतो. चार्ल्स केटरिंग यांनी विजेवर चालणारा स्टार्टर तयार केला आणि कॅडिलॅक कंपनीने तो १९१२ च्या गाड्यांत बसविला. आज चावी फिरवताना किंवा नुसते बटण दाबताना कोणाला त्या हँडलची आठवण होत नाही. पण त्या एका बटणामुळे मोटार पैलवानांच्या तावडीतून सुटली आणि स्त्रियांच्या व म्हाताऱ्यांच्या हाती आली.

आता पायांकडे वळू. डावीकडे क्लच, मधे ब्रेक, उजवीकडे ॲक्सिलरेटर ही मांडणी आपल्याला सूर्य पूर्वेला उगवण्याइतकी स्वाभाविक वाटते. तशी ती मुळीच नाही. हेन्री फोर्ड यांची मॉडेल टी १९०८ साली निघाली आणि १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या बनल्या. म्हणजे त्या काळी जगात मोटार चालविणे याचा अर्थच पुष्कळांना मॉडेल टी चालविणे असा होता. तिलाही तीनच पेडले होती. पण डावे पेडल पूर्ण दाबले की गाडी पहिल्या गिअरमध्ये चालू लागे, अर्धे दाबले की मोकळी होई, आणि सोडून दिले की वरच्या गिअरमध्ये धावे. मधले पेडल मागे जाण्याचे. उजवे ब्रेकचे. ॲक्सिलरेटर पायाखाली नव्हताच. तो चक्राखाली उजव्या हाताशी एका दांडीच्या रूपात होता, आणि डाव्या हाताची दांडी ठिणगी लवकर-उशिरा पाडण्यासाठी. आजचा एखादा निष्णात ड्रायव्हर त्या गाडीवर बसविला तर तो क्लच म्हणून डावे पेडल दाबील आणि गाडी पुढे निघेल. घाबरून ब्रेक म्हणून मधले दाबील आणि ती मागे निघेल! उलट ब्रेकचा पट्टा झिजला की त्या काळचे चालक खुशाल मधले, मागे जाण्याचे पेडल दाबून गाडी थोपवीत. पेट्रोलची टाकी पुढच्या आसनाखाली असे आणि पेट्रोल नुसत्या उताराने एंजिनात जाई. टाकीत थोडे उरले असताना उभी चढण आली की ते एंजिनापर्यंत पोचेना. मग गाडी उलटी फिरवून मागच्या मागे टेकडी चढवायची. हे विनोदाने लिहीत नाही. ही रीतच होती.

इतर कंपन्यांचा खाक्या वेगळाच. १९२० च्या दशकातल्या बेंटली गाड्यांत ॲक्सिलरेटर मधे आणि ब्रेक उजवीकडे असे. एका गाडीत पाय बसलेला माणूस दुसऱ्या गाडीत बसला की त्याचा जीव धोक्यात. कॅडिलॅकने १९१६ साली जी मांडणी केली ती, म्हणजे क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर या क्रमाने तीन पेडले आणि मधे गिअरचा व हातब्रेकचा दांडा, हीच आजची. १९२२ साली निघालेल्या ऑस्टिन सेव्हन या स्वस्त इंग्रजी गाडीने ती सामान्य माणसाच्या दारी नेली. कोणा पंडिताने ती ठरविली नाही. एका खपलेल्या गाडीची सवय दुसऱ्या गाडीला लागली, आणि सवयीचे शास्त्र झाले.

हा सवयीचा प्रश्न किती गंभीर आहे हे पुढे क्लच नसलेल्या, आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्यांनी दाखविले. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतरही काही गाड्यांत मागे जाण्याची खूण सर्वात शेवटी, पुढे जाण्याच्या खालच्या गिअरला लागून असे; दुसऱ्या गाड्यांत ती उभ्या गाडीच्या खुणेशेजारी असे. दांडा एक घर चुकला की पुढे जाणारी गाडी मागे जाई, आणि मागे अंगणात कोण खेळत असेल कोण जाणे. राल्फ नेडर या तरुण वकिलाने १९६५ साली ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक लिहून कंपन्यांना जाहीर जाब विचारला, त्यात या दांड्याचीही हकीकत आहे. ९ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत मोटारींच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. त्याखाली जे नियम आले त्यांत पुढच्या आणि मागच्या गिअरमध्ये मोकळी जागा असलीच पाहिजे असे ठरले. आज शहरांतून क्लच नसलेल्या गाड्या पुष्कळ झाल्या आहेत. त्यांच्या दांड्याशी उभी, मागे, मोकळी, पुढे हा जो क्रम दिसतो तो असा आला आहे.

काट्यांपैकी सर्वात जुना मान वेगाच्या काट्याचा. स्ट्रासबुर्गच्या ओटो शुल्त्से यांनी १९०२ साली त्याचे पेटंट घेतले. आत काय असते म्हणाल, तर एक लोहचुंबक आणि एक ॲल्युमिनियमची वाटी. गाडी चालली की एका लवचिक तारेने चुंबक फिरतो. वाटी त्याला कुठेही शिवत नाही. परंतु फिरत्या चुंबकामुळे तिच्यात विजेचे भोवरे उठतात आणि तीही त्याच्यामागे ओढली जाते. तिला घड्याळात असते तसली केसासारखी बारीक कमान आवरून धरते. चुंबक जितका जोराने फिरेल तितकी वाटी त्या कमानीशी भांडून पुढे सरकते, आणि तिच्यावर बसविलेला काटा आपल्याला आकडा दाखवितो. अनेक दशके गाडीगाडीत हाच खेळ चालला होता. आता त्याची जागा विजेच्या यंत्राने घेतली आहे. एक गंमत मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे. युरोपातल्या नियमाप्रमाणे हा काटा खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू शकत नाही, थोडा अधिक दाखविलेला चालतो. सुरक्षिततेच्या बाजूने थोडे खोटे बोलण्याची परवानगी सरकारने ज्याला दिली आहे असा हा एकटाच साक्षीदार असावा.

पेट्रोलचा काटा नव्हता तेव्हा मॉडेल टीमध्ये पुढच्या मंडळींना खाली उतरवून, गादी उचलून, टाकीत काठी बुडवून पाहावे लागे. आज त्या काट्याशेजारी पंपाचे चित्र असते आणि चित्राला लागून एक इवलासा बाण. टाकीचे झाकण गाडीच्या कोणत्या बाजूला आहे ते तो बाण सांगतो, आणि वर्षानुवर्षे गाडी चालविणाऱ्या कितीतरी गृहस्थांना हे ठाऊक नसते. फोर्ड कंपनीतल्या जिम मॉयलन यांनी १९८६ साली पावसात पंपावर गाडी चुकीच्या बाजूने लावून भिजल्यावर तो सुचविला, आणि १९८९ च्या गाड्यांपासून तो दिसू लागला.

एंजिनाच्या उष्णतेचा काटा प्रथम फळीवर नव्हताच. तो गाडीच्या नाकावर, रेडिएटरच्या बुचावर असे. बॉइस मोटोमीटर नावाचा हा तापमापक १९१२ च्या सुमारास निघाला आणि काचेतून चालकाला तो लांबून वाचावा लागे. घोडा फेसाळला की जे कळे ते यामुळे कळू लागले. आपल्याकडे या काट्याची खरी शाळा म्हणजे बोरघाट आणि कसारा घाट. उन्हाळ्यात भरलेली गाडी चढवताना काटा वर सरकू लागला, की शहाणा ड्रायव्हर बाजूला थांबे, टोप उघडे, आणि रेडिएटरच्या बुचाला हात न लावता विडी ओढीत बसे. उकळते पाणी तोंडावर उडालेला एखादा इसम त्याने पाहिलेला असे. त्याच घाटाने आणखी एक धडा शिकविला, की ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा. नुसत्या ब्रेकवर गाडी उतरविली तर घर्षणाने ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर पकड सोडतात. खालच्या गिअरमध्ये एंजिनच गाडीला मागे धरून ठेवते. हा धडा द्रुतगती मार्गावरच्या नव्या गाडीलाही तितकाच लागू आहे, पण तिथे तो सांगायला शेजारी क्लीनर नसतो.

हल्ली काट्यांचे काम पुष्कळसे दिव्यांनी घेतले आहे. त्यांचे रंग तरी घरातल्या सर्वांना ठाऊक असावेत. निळा दिवा म्हणजे पुढचे दिवे लांबवर पडत आहेत आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपत आहेत. पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या. तांबडा म्हणजे आता थांबा. तांबड्या दिव्यांत एक लांब नळीची तेलाची झारी असते, जिच्या टोकाशी थेंब लोंबतो. गाडी चालू असताना ती झारी पेटली तर एंजिनातल्या तेलाचा दाब गेला असे समजावे. तशीच गाडी पुढे नेली तर थोड्या वेळात एंजिन आतल्या आत घासून जाम होते. वर्तुळातले उद्गारचिन्ह असते ते ब्रेकचे. पुष्कळदा हातब्रेक सोडायचा राहिलेला असतो, पण तो सोडूनही दिवा विझला नाही तर ब्रेकचे तेल कमी झाले असण्याचा संभव असतो, आणि तेव्हा प्रवास पुढे ढकललेला बरा.

काचेवरचा पाऊस पुसणारी दांडी एका बाईंची, हे येथेच सांगून टाकतो. अलाबामाच्या मेरी अँडरसन यांनी न्यूयॉर्कच्या ट्रॅममध्ये बसून चालकाचे बर्फातले हाल पाहिले आणि १९०३ साली आतून हाताने फिरविण्याच्या वायपरचे पेटंट घेतले. त्यातून त्यांना पैसा असा मिळाला नाही. मागचे पाहण्याचा आरसादेखील आधी एका बाईंनीच सुचविला. इंग्लंडच्या डोरोथी लेव्हिट यांनी १९०९ च्या आपल्या पुस्तकात स्त्रियांना सल्ला दिला, की हातातला लहान आरसा जवळ ठेवावा आणि अधूनमधून उंच धरून मागची रहदारी पाहावी. पुढे १९११ साली रे हॅरून यांनी इंडियानापोलिसच्या शर्यतीत आपल्या गाडीवर आरसा बसविला आणि ती शर्यत जिंकली. म्हणून नाव त्यांचे झाले.

येथवरचा इतिहास गाडी कशी चालवावी याचा. गाडी आपटल्यावर आतल्या माणसाचे काय होते, हा प्रश्न पहिली पन्नास वर्षे जवळजवळ कोणी विचारलाच नाही. ऑगस्ट १८९६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची बाई मोटारीखाली सापडून मेली. असे पुन्हा घडू नये, अशी आशा चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने व्यक्त केली. त्याची आशा कशी फळाला आली ते आपण जाणतोच. तरीही अपघात म्हटला की चालकाचा दोष, नाही तर रस्त्याचा, नाही तर दैवाचा, असेच सारे जग धरून चालले होते. मोटार कंपन्यांना ही समजूत फार सोयीची होती.

ही समजूत मोडणारे पहिले लोक मोटारवाले नव्हते. डेट्रॉइट या मोटारींच्याच गावी क्लेअर स्ट्रेथ नावाचे शस्त्रवैद्य होते. पुढच्या आसनावर बसून फळीवर आदळलेल्यांचे, विशेषतः स्त्रियांचे आणि मुलांचे, फाटलेले चेहरे शिवणे हे त्यांचे रोजचे काम. १९३० च्या दशकात त्यांनी पाहिले की जखमांना आकार आहेत; फळीवरच्या टोकदार बटणांचे, खुंट्यांचे आकार. चिखल अडविण्यासाठी जन्मलेली ती फळी आता माणसांना फोडीत होती. त्यांनी आपल्या स्वतःच्या गाडीत फळीला गादी ठोकली, पट्टे बसविले आणि कंपन्यांना पत्रे लिहिण्याचा सपाटा लावला.

दुसरे ह्यू डीहेव्हन. १९१७ साली, पहिल्या महायुद्धात विमान चालविण्याचे शिक्षण घेत असता त्यांचे विमान कोसळले. ते वाचले, पण पोटात मोठी इजा झाली, आणि ती कंबरपट्ट्याच्या टोकदार बकलाने झाली असे त्यांच्या ध्यानात आले. मग या माणसाने एक विलक्षण छंद घेतला: उंचावरून पडूनही जगलेल्यांचा शोध. पन्नास ते दीडशे फुटांवरून पडलेल्या माणसांचा त्यांचा अभ्यास १९४२ साली छापून आला. त्यांचे म्हणणे असे, की माणूस मरतो तो पडण्याने नव्हे, एकदम थांबण्याने. खाली काही दबणारे, खचणारे असले तर तो वाचतो. मग मोटारीतला माणूस आपण नाजूक माल पेटीत भरतो तसा का भरू नये? कोकणातला आंबेवाला हे शास्त्र डीहेव्हनच्या आधीपासून जाणत होता. हापूसच्या पेटीत गवत असते, आंबा आंब्यावर आपटत नाही, आणि पेटीचे झाकण वाटेत उघडत नाही. मोटारींत यांतले काहीच नव्हते. दारे धक्क्याने उघडत आणि माणसे बाहेर फेकली जात.

‘खाली काही दबणारे’ ही कल्पना मर्सिडीझमधल्या बेला बारेनी यांनी गाडीच्या सांगाड्यात उतरविली. मजबूत गाडी ती सुरक्षित, हा समज त्यांनी उलटा केला. माणसे बसतात तो मधला भाग कणखर ठेवायचा, पण पुढचा-मागचा भाग मुद्दाम असा करायचा की तो चुरगळावा आणि चुरगळताना धक्का खाऊन टाकावा. १९५९ साली अशी गाडी बाजारात आली. अपघातानंतर “पूर्वीच्या गाड्या काय भक्कम होत्या, हिचा तर पापड झाला!” असे म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात; पापड गाडीचा झाला म्हणूनच माणसाचा झाला नाही, हे त्यांना कोणी तरी समजावून सांगायला हवे.

त्याच १९५९ साली स्वीडनमध्ये पट्टा आला. निल्स बोहलिन हे पूर्वी साब कंपनीत विमानातून वैमानिकाला आसनासकट बाहेर उडविण्याची यंत्रे करीत असत. व्होल्वो कंपनीने त्यांना बोलावून घेतले आणि मोटारीत माणसाला आत धरून ठेवण्याचे काम दिले! तेव्हाचा पट्टा नुसता कमरेचा असे. धक्क्यात वरचे शरीर पुढे जाई आणि पोटाला मार लागे. बोहलिन यांनी एक पट्टा खांद्यावरून छातीवर तिरपा आणि एक मांड्यांच्या वर कमरेवरून आडवा घेतला, दोन्ही खाली कमरेपाशी एका ठिकाणी बांधले, आणि एका हाताने लागेल असा खटका केला. बळ जाते ते खांदा, छातीचा पिंजरा आणि कमरेचे हाड यांवर, म्हणजे शरीराच्या सर्वात दणकट भागांवर. व्होल्वोने हे पेटंट कुलपात न ठेवता इतर सर्व कंपन्यांना मोकळे केले. जगातले पहिले पट्टासक्तीचे राज्य मात्र स्वीडनमध्ये नव्हे; ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९७० साली तो कायदा केला.

हवेच्या पिशवीची, म्हणजे एअरबॅगची, हकीकत घरगुती आहे. पेनसिल्व्हेनियाचे जॉन हेट्रिक १९५२ साली पत्नी आणि लहान मुलीसह मोटारीने चालले असता समोर दगड आला म्हणून त्यांनी गाडी चरात घातली. त्या क्षणी नवरा-बायको दोघांचेही हात आपोआप मुलीच्या पुढे गेले, ती फळीवर आदळू नये म्हणून. असा हात गाडीलाच का असू नये, हा विचार मनात घेऊन ते घरी आले आणि त्यांनी पिशवीचे आराखडे काढले. त्यांच्या पेटंटाची मुदत संपून गेल्यावर ती कल्पना बाजारात आली; त्यांच्या हाती काही पडले नाही. ही पिशवी डोळ्याचे पाते लवण्याआधी फुगते, आणि म्हणूनच तिचा फटका मोठा असतो. पट्टा लावलेल्या मोठ्या माणसाला ती झेलते. पट्टा नसलेला माणूस तिच्यावर जाऊन आदळतो. आणि पुढच्या आसनावर आईच्या मांडीवर बाळ असेल तर ते बाळ पिशवी आणि आई यांच्यामध्ये सापडते. बाळाला मागे, त्याच्या स्वतःच्या बांधलेल्या खुर्चीत बसवावे. आपल्याकडे ‘आईच्या मांडीइतकी सुरक्षित जागा नाही’ असे म्हणतात, आणि आईची माया त्यात पूर्ण आहे. पण ताशी साठ किलोमीटरने जाणारी गाडी आपटणे म्हणजे सुमारे चौदा मीटरांवरून, चौथ्या-पाचव्या मजल्यावरून खाली पडणे. त्या पडण्यात हातांची मिठी टिकत नाही, मग ती कोणाचीही असो.

आपल्या देशात हे सारे उशिरा आले. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ च्या मार्चमध्ये पहिली मोटार बाहेर पडली. पुढे तिथेच फियाट आणि तिचीच पद्मिनी झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे ही पद्मिनी, आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून निवृत्त झाली तेव्हा मुंबईकर हळहळले. तिचा गिअरचा दांडा चक्रापाशी होता, म्हणून पुढच्या लांब आसनावर शेजारी दोघे सहज मावत आणि मधे एखादे पोर उभे राही. ॲम्बॅसडरचीही तऱ्हा तीच. तिचा डिपर तर डाव्या पायाने दाबायचा असे. या गाड्यांवरचे आपले प्रेम खरे आहे, पण मधे उभ्या असलेल्या त्या पोराच्या पुढे नुसता पत्रा होता. नव्या मोटारींत पुढच्या दोन आसनांना पट्टे असलेच पाहिजेत हा नियम १९९४ साली लागू झाला. चालकासाठी एअरबॅग आणि पट्टा न लावल्यास वाजणारी घंटी १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. शेजारच्याला एअरबॅग मिळायला २०२२ उजाडले. मोटारींना आपटून पाहून तारे देण्याची आपली स्वतःची पद्धत १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली.

मागच्या आसनाचे काय? ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर एक मोटार कठड्यावर आदळली. गाडी उत्तम होती, पिशव्या होत्या. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. मागचे दोघे, ज्यांत उद्योगपती सायरस मिस्त्री होते, गेले. मागच्यांनी पट्टे लावले नव्हते असे तपासात आढळले. त्या वर्षी भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. पट्टा न लावलेली त्यांत १६,७१५ होती. त्यांतले चालक ८,३८४ आणि प्रवासी ८,३३१. निम्मी माणसे चक्राला हातसुद्धा न लावलेली. मागे बसलेल्याला वाटते, पुढे आसनाची पाठ आहे, आपल्याला काय होणार! पण तो ज्या वेगाने त्या पाठीवर जाऊन पडतो, त्याने पुढचा पट्टा लावलेला माणूससुद्धा चिरडतो.

नवी गाडी घरी आली की आपण चाकाखाली लिंबू ठेवतो, पुढे नारळ फोडतो, मिरच्या टांगतो. त्यात काही वावगे नाही. मग आसनांना नवी खोळ शिवून घेतो, आणि मागच्या पट्ट्यांची बकले त्या खोळीखाली जातात ती कायमची. पुढे घंटी वाजते म्हणून त्यावरही तोड निघाली. पट्ट्याच्या टोकाला असते तसली धातूची नुसती चपटी जीभ बाजारात मिळू लागली. ती खटक्यात सरकवली की पट्टा लावला असे गाडीला वाटते आणि घंटी गप्प बसते. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या पाच कंपन्यांना ही वस्तू काढून टाकण्याचा आदेश दिला. तेव्हा तिच्या तेरा हजारांहून अधिक जाहिराती उतरवाव्या लागल्या. काही ठिकाणी ती बाटलीचे बूच उघडण्याचे साधन म्हणून विकली जात होती.